समोर फक्त सहा जण

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा पिक्चर ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याची शेवटची वीसेक मिनिटं नक्की आठवत असतील. वेम्बली स्टेडियम गच्च भरलंय, पांढरा बनियन आणि फिकी जीन्स घातलेला फ्रेडी मर्क्युरी पियानोवर बसतो, मग उठतो आणि अर्धा माइक स्टँड घेऊन स्टेजभर धावतो. तो जसा हात वर करेल तसे समोरचे हजारो हात वर जातात. थिएटरमध्ये आपल्या अंगावर काटा येतो. रामी मलेकला या कामाबद्दल ऑस्करही मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं.

पण बाहेर पडल्यावर मला एक गोष्ट खटकत राहिली. हे पब्लिक असं हातात आलं कसं? त्याआधीचा बँडचा सगळा प्रवास पिक्चरनं एखाद-दोन गाण्यांत गुंडाळलाय. बस पळते, शहरांची नावं पडद्यावर येतात, पोरं उड्या मारतात, झालं! पहिल्या अमेरिका दौऱ्यात बँड जे गाणं वाजवताना दाखवलाय, ते ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ तर १९७८चं आहे. आणि दौरा होता १९७४चा. पिक्चरमध्ये पहिल्याच शोला जॉन डीकन बेस वाजवताना दिसतो. प्रत्यक्षात तो यायला आणखी काही महिने होते. ठीक आहे, पिक्चर आहे, चालायचंच. पण या शॉर्टकटमध्ये जी वर्षं कापली गेली, माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

‘दौरा’ म्हणजे काय हे आपल्याकडे नाटकवाल्यांना विचारा. रात्री प्रयोग, मग सेट गाडीत भरायचा, पहाटे दुसऱ्या गावात उतरायचं, तिथला हॉल कसा असेल, माइक चालू असतील का, पुढच्या रांगेत किती जण बसतील, काही सांगता येत नाही. इंग्लंडमधल्या रॉक बँड्सचं १९७०च्या आसपास नेमकं हेच चालायचं. एक खटारा व्हॅन, तीत अ‍ॅम्प आणि ड्रम्स कोंबलेले, उरलेल्या जागेत माणसं. गावोगावचे टाउन हॉल आणि कॉलेजं हीच त्यांची थिएटरं.

क्वीनची गंमत अशी, की यातले चौघंही ‘शिकलेली पोरं’ होती. ब्रायन मे इम्पीरियल कॉलेजात खगोलभौतिकीची पीएचडी करत होता. शिवाय शाळेत गणित शिकवायचा. रॉजर टेलर दंतवैद्य व्हायला लंडनला आला, मग ते सोडून त्यानं बायॉलॉजी घेतलं. जॉन डीकननं इलेक्ट्रॉनिक्समध्ये फर्स्ट क्लास काढला होता. आणि फ्रेडीकडे ईलिंगच्या आर्ट कॉलेजचा ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा. दिवसा तो आणि रॉजर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवत. घरची मंडळी वाट बघत होती, की हे गाण्याचं खूळ कधी उतरतंय. हा सीन आपल्याला नवा नाही. फक्त आपल्याकडे तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात घडतो.

फ्रेडीचा आपल्याशी असलेला धागा तर ठाऊक असेलच. जन्म झांझिबारचा, घर पारशी, नाव फारूख बुलसारा. वयाच्या आठव्या वर्षी त्याला शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथं पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत, आसपासच्या पोरापोरींसमोर ते वाजवायचे. पण या बँडचा गायक फ्रेडी नव्हताच. गायचा दुसराच मुलगा. फ्रेडी बाजूला पियानोवर. म्हणजे पुढं जो माणूस लाखभर लोकांना एका हाताच्या इशाऱ्यावर नाचवणार होता, तो आपल्या सह्याद्रीच्या थंडीत साइडला बसून सूर देत होता. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं, लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये राहू लागलं. तिथून पुढचं सगळं शून्यातून.

ब्रायन आणि रॉजरचा आधीचा बँड होता ‘स्माइल’. त्यांचा गायक सोडून गेला आणि १९७० मध्ये फ्रेडी त्यांच्यात आला. तो त्यांच्या शोला येऊन आधीपासूनच सल्ले द्यायचा. असं गा, असे कपडे घाला, पब्लिककडे बघा. अशा मित्राला शेवटी बँडमध्ये घेण्यावाचून इलाज नसतो.

पहिला शो २७ जून १९७० चा. कॉर्नवॉलमधलं ट्रुरो हे रॉजरचं गाव. रेडक्रॉसच्या मदतीसाठीचा कार्यक्रम रॉजरच्या आईनं ठरवलेला. जाहिरातीत नाव अजून ‘स्माइल’च होतं, कारण तारीख आधीच दिलेली. थोडक्यात, दुसऱ्याच बँडच्या नावावर, आईच्या ओळखीनं मिळालेला शो! पुढच्या वर्षभरात तीन बेसिस्ट आले आणि गेले. चौथा जॉन डीकन, १९७१च्या सुरुवातीला. वयानं सगळ्यात लहान, बोलायला सगळ्यात कमी, आणि बिघडलेला अ‍ॅम्प दुरुस्त करता येणारा. दौऱ्यावर जाणाऱ्या बँडला यापेक्षा काय हवं असतं?

त्या उन्हाळ्यात चौघं पुन्हा कॉर्नवॉलला गेले आणि तिथल्या हॉलमध्ये, पबमध्ये वाजवत फिरले. ऑगस्टमध्ये ट्रेग्ये नावाच्या ठिकाणी एक महोत्सव होता. त्यात क्वीनचं नाव यादीत पार खाली होतं. फ्रेडीचा आवाजही तेव्हा डळमळायचा, असं जवळच्या लोकांनीच नंतर सांगितलंय. पण कपडे मात्र पहिल्या दिवसापासून स्टारचे. समोर कोण बसलंय, किती बसलेत, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याच काळात कधीतरी चालू शोमध्ये त्याचा माइक स्टँड मधूनच तुटला. दुसरा कुणी ओशाळला असता. यानं तुटका दांडाच हातात घेऊन शो पुरा केला, आणि मग आयुष्यभर तोच ठेवला. आज जी त्याची सही समजली जाते, ती एका फालतू स्टँडची मेहेरबानी आहे.

आता तो शो, ज्याचं नाव वर दिलंय. जानेवारी १९७२, लंडनचं बेडफर्ड कॉलेज. ओळखीपाळखीतून जॉननं जमवलेला. हॉलमध्ये लोक आले सहा.

सहा! कॉलेजच्या फेस्टला ज्यांनी कधी वाजवलंय त्यांना हा आकडा नीट कळेल. समोरच्या सहांपैकी दोन तुमचे रूममेट असतात, एक साउंडवाला, आणि एक चुकून आलेला. अशा वेळी वाजवायचं काय, बघायचं कुठं, टाळ्यांसाठी थांबायचं की सरळ पुढचं गाणं सुरू करायचं, हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. क्वीननं वाजवलं. पण त्या वर्षी त्यांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शो केले. डिग्र्या, करिअर सोडून यात पडायचं असेल, तर असं अर्धवट फिरून उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मोर्चा रेकॉर्डिंगकडे वळवला. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत मोठे कलाकार घरी गेले, की रात्रीबेरात्री जो वेळ रिकामा उरे तो यांना मिळे. असा तुकड्या-तुकड्यांनी पहिला अल्बम झाला.

एप्रिल १९७३ मध्ये लंडनच्या मार्की क्लबात त्यांचा एक शो खास एका माणसासाठी झाला. अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रा’ कंपनीचा संस्थापक जॅक होल्झमन. ‘द डोअर्स’ला करारबद्ध करणारा तोच. क्वीनची टेप ऐकून तो बेहद्द खूश झाला होता. शो बघून मात्र त्याची निराशा झाली. टेपमध्ये जे होतं ते स्टेजवर नव्हतं. त्यानं मग बँडला लांबलचक पत्र लिहिलं, काय सुधारायला हवं याचं. आणि तरीही करार केला. मला हा किस्सा फार आवडतो. क्वीन म्हणजे स्टेजचे राजे, हे आज आपण गृहीत धरतो. १९७३ मध्ये त्यांच्या बाजूच्या माणसाचंही असं मत नव्हतं.

१३ जुलै १९७३ला अल्बम आला. आधी आलेलं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ चार्टवर कुठंच लागलं नाही. रेडिओ साथ देईना, तेव्हा रस्ता उरला एकच, दुसऱ्याच्या दौऱ्याला लटकायचं.

मॉट द हूपल हा तेव्हाचा चलतीतला बँड. डेव्हिड बोवीनं लिहून दिलेल्या ‘ऑल द यंग ड्यूड्स’नं १९७२ मध्ये त्यांचं नशीब उघडलं होतं. त्यांच्या ब्रिटन दौऱ्यात क्वीनला ‘सपोर्ट’ची जागा मिळाली. १२ नोव्हेंबर १९७३ला लीड्सच्या टाउन हॉलपासून सुरुवात, १४ डिसेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला शेवट.

सपोर्ट अ‍ॅक्ट म्हणजे काय, ते समजून घ्या. तिकिटं दुसऱ्याच्या नावावर विकलेली. तुम्ही चढता तेव्हा अर्धे लोक अजून बाहेर बिअरच्या रांगेत. स्टेजवर मुख्य बँडचं सामान आधीच मांडलेलं, तुम्हाला त्याच्या पुढची चिंचोळी पट्टी. लाइट, साउंड, सगळं त्यांच्या मर्जीवर. वेळ जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यात ओळख करून देणं, लोकांना आत खेचणं आणि आपली छाप सोडणं, सगळं बसवायचं. आपल्याकडे फेस्टच्या प्रो-नाइटला मोठ्या गायकाच्या आधी जो कॉलेजचा बँड वाजवतो, त्याला हे दुःख पाठ असतं. तिसऱ्या गाण्याला पब्लिक मेन आर्टिस्टच्या नावानं ओरडायला लागतं, आणि ते तुमचेच वर्गमित्र असतात.

क्वीनकडे यावर उपाय काय होता? एक म्हणजे आखणी. गाण्यांमध्ये मोकळी जागाच ठेवायची नाही. एक संपायच्या आत दुसरं सुरू. लांबलचक गाण्यांतला नेमका भाग उचलून मेडली बांधायची. दुसरं म्हणजे ब्रायनची गिटार. ती त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि वाजवायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं. हा आवाज हॉलमधल्या कुणीच आधी ऐकलेला नसायचा, त्यामुळं बिअरच्या रांगेतलं एखादं डोकं तरी आत वळायचं. आणि तिसरा, अर्थात फ्रेडी. रोज रात्री दुसऱ्यांच्या पब्लिककडून आपल्यासाठी टाळ्या काढायच्या, हा त्याचा या दौऱ्यातला रियाज. आपला शो संपल्यावर मॉटचा गायक इयन हंटर लोकांना कसा बांधून ठेवतो हे बघायला मिळायचं, ते वेगळंच. मॉटच्या दौऱ्यांत आपण दौरा करायला शिकलो, हे ब्रायननं पुढं अनेकदा मान्य केलंय. ‘नाउ आय अ‍ॅम हिअर’ या त्याच्या गाण्यात हूपलचं नावही येतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असेल असं वाटत असेल, तर थांबा. जानेवारी १९७४ मध्ये ते ऑस्ट्रेलियात सनबरीच्या महोत्सवाला गेले. प्रवासासाठी टोचलेल्या लसीमुळं ब्रायनचा हात इतका चिघळला, की तो गमवावा लागतो की काय अशी वेळ आली. फ्रेडीला कानाचा त्रास. आणि पब्लिकला हवे होते स्थानिक बँड. लंडनहून आपले लाइट घेऊन आलेली ही नटवी पोरं नकोच होती. त्यांनी हुर्यो उडवली. क्वीन मुकाट घरी परतले.

महिनाभरात मात्र फासा पालटला. फेब्रुवारीत बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बोवीची फिल्म वेळेत आली नाही, म्हणून ऐनवेळी यांना बोलावलं. ‘सेव्हन सीज ऑफ राय’ दहाव्या नंबरपर्यंत पोचलं. १ मार्चला ब्लॅकपूलमध्ये क्वीनचा स्वतःच्या नावाचा पहिला मोठा दौरा सुरू झाला. झँड्रा ऱ्होड्सनं शिवलेले पंखांसारखे पांढरे झगे, सगळा काळा-पांढरा थाट. ३१ मार्चला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये, म्हणजे दोन वर्षांपूर्वी जिथं सहाच लोक जमले होते त्या शहरात, समोर भरलेलं थिएटर.

याच दौऱ्यात एक गोष्ट घडली, जी कुणी आखली नव्हती. शो सुरू व्हायला वेळ लागला, की थांबलेले लोक आपणहून ‘गॉड सेव्ह द क्वीन’ गाऊ लागले! राष्ट्रगीताचं राष्ट्रगीत, आणि बँडच्या नावावर कोटी. एका गावात झालं, मग पुढच्याही, आणि बघता बघता प्रथाच पडली. बँडनं ते उचललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्याचं रेकॉर्डिंग केलं, आणि मग प्रत्येक शोचा शेवट त्या टेपवर होऊ लागला. म्हणजे क्वीनच्या शोमध्ये पब्लिकनं गायचं, ही आयडिया मूळ पब्लिकचीच.

पब्लिक असं अंगावर आलं की त्याची दुसरी बाजूही दिसते. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग युनिव्हर्सिटीत १६ मार्चला वन्स मोअरवर वन्स मोअर देऊनही लोक हलेनात. धक्काबुक्की झाली, काही जण जखमी झाले, बँड आत अडकून पडला, पोलीस बोलवावे लागले. सहा लोक येणं वाईट, पण हे काही फार बरं नव्हे!

मग अमेरिका. एप्रिल १९७४, पुन्हा मॉटच्या आधी वाजवायला. डेन्व्हरपासून न्यूयॉर्कपर्यंत पोचले, तिथं युरिस थिएटरमध्ये आठवडाभर शो झाले, आणि ब्रायन कोसळला. कावीळ. हिपॅटायटिस. क्वीनचा दौरा तिथंच संपला. ब्रायनला घरी आणलं. तो जरा बरा होतो न होतो तोच आतड्याचा अल्सर. उरलेले तिघं स्टुडिओत नवा अल्बम करायला लागले, आणि हा हॉस्पिटलच्या खाटेवर. आपल्यामुळं सगळ्यांचं नुकसान झालं, आता हे दुसरा गिटारिस्ट बघतील, ही भीती त्याला खात होती, हे त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलंय. पीएचडी तर आधीच बाजूला टाकलेली. म्हणजे बँड गेला तर हातात काहीच नाही.

तिघांनी काय केलं? गाणी रेकॉर्ड केली आणि ब्रायनच्या गिटारपुरती जागा रिकामी ठेवली. तो आला, त्यानं ती भरली. ‘शीअर हार्ट अटॅक’ हा तो अल्बम, नोव्हेंबर १९७४. बँडमधली दोस्ती यावर बरंच भावुक लिहिलं जातं. मला या रिकाम्या ठेवलेल्या जागांपुढं ते सगळं फिकं वाटतं.

त्याच अल्बममधलं ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरवर गेलं आणि १९७५च्या सुरुवातीला ते अमेरिकेत स्वतःच्या नावावर परत गेले. या वेळी फ्रेडीच्या घशानं दगा दिला. स्वरयंत्रावर गाठी आल्या, शो रद्द करावे लागले. तरीही दौरा पुरा करून ते एप्रिलमध्ये टोकियोला उतरले. विमानतळावर हजारो पोरापोरींची गर्दी. चौघांना वाटलं आपल्या विमानात कुणी बडी हस्ती असणार. १९ एप्रिलला बुडोकानमध्ये गर्दी स्टेजच्या दिशेनं इतकी रेटत आली, की फ्रेडीला शो थांबवून लोकांना शांत करावं लागलं. आणि हेच स्टार लंडनला परतल्यावर आठवड्याला साठ पाउंडांवर दिवस काढत होते. पैसा कुठं जातोय, हा प्रश्न घेऊन त्यांना जुन्या मॅनेजमेंटशी भांडून बाहेर पडावं लागलं. पण ती कथा वकिलांची आहे, दौऱ्यांची नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं त्यानंतरचं, ३१ ऑक्टोबर १९७५चं. जगाला क्वीन तिथून माहीत होते.

आता परत वेम्बलीला येऊ. १३ जुलै १९८५. तारीख बघितलीत? पहिला अल्बम आला त्याच्या बरोबर बारा वर्षांनी. ‘लाइव्ह एड’ची तिकिटं विकली गेली तेव्हा क्वीनचं नाव जाहीरही झालेलं नव्हतं, म्हणजे पब्लिक दुसऱ्यांचं. वेळ मोजून वीसेक मिनिटं. संध्याकाळचा लख्ख उजेड, त्यामुळं स्वतःचे लाइट, धूर, काही नाही. स्टेज सगळ्यांचं सामाईक. त्या दिवशी बाकीचे बडे बँड जरा गडबडलेलेच दिसले, कारण वर्षानुवर्षं स्वतःच्या पब्लिकसमोर, स्वतःच्या सेटवर, दोन-दोन तास वाजवायची सवय. क्वीननं आधी लंडनच्या शॉ थिएटरात घड्याळ लावून तालीम केली. गाण्यांतले नेमके तुकडे उचलले, मध्ये जागाच ठेवली नाही, एक संपायच्या आत दुसरं. ‘रेडिओ गा गा’ला ७२ हजार माणसं एकाच क्षणी डोक्यावर हात नेऊन टाळी वाजवताना दिसतात, ते बघताना मला लीड्सचा टाउन हॉल आठवतो, जो मी अर्थातच पाहिलेला नाही. हा लीड्सचाच सपोर्ट अ‍ॅक्ट होता, फक्त हॉल मोठा.

क्वीननं भारतात कधी शो केला नाही. पाचगणीला आजही फॅन्स फ्रेडीची शाळा शोधत येतात, फोटो काढतात, जातात.

आणि ब्रायनची पीएचडी? दौऱ्यांमुळं १९७४ मध्ये बाजूला ठेवलेला तो प्रबंध, सूर्यमालेतल्या धुळीवरचा, त्यानं २००७ मध्ये पूर्ण करून इम्पीरियल कॉलेजला दिला. तेहतीस वर्षांनी. ज्यांचे प्रबंध सध्या रखडलेत, त्यांनी हा परिच्छेद आपल्या गाइडला दाखवू नये.